कोविडच्या दुसऱ्या लाटेत आयसीयूमधल्या नर्सेसना सगळ्यात कठीण काय गेलं?

2021च्या एप्रिल-मेमध्ये मी पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात कोविड आयसीयूला होते. सगळे पीपीई किटबद्दल विचारतात. त्रास होताच. सहा तास पाणी नाही, बाथरूम नाही, गॉगलवर वाफ धरली की शीर सापडायची नाही. पण त्याची सवय होते.

ऑक्सिजनची धास्ती जास्त होती. हाय फ्लोवरचा, म्हणजे नाकातल्या नळीने जोरात ऑक्सिजन दिला जातो तो, एक पेशंट मिनिटाला 60 लिटरपर्यंत घेतो. सात हजार लिटरचा जम्बो सिलिंडर त्याला दोन तासही पुरत नाही. 21 एप्रिलला नाशिकमध्ये टाकीला गळती लागून माणसं गेली, त्या रात्रीपासून आमचे डोळे सारखे भिंतीवरच्या मीटरकडे. एरवी व्हेंटिलेटरच्या एका पेशंटला एक सिस्टर, तेव्हा माझ्याकडे चार, कधी पाच.

पण मला जड गेली ती कवळी.

बायपॅप म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन. त्याचा मास्क चेहऱ्याला घट्ट बसावा लागतो. कवळी नसली की गाल आत जातात, बाजूने हवा सुटते, अलार्म थांबत नाही. म्हणून म्हाताऱ्या पेशंटची कवळी आम्ही मुद्दाम तोंडातच ठेवायचो. व्हेंटिलेटरसाठी तोंडातून श्वासनलिकेत ट्यूब घालायची ठरली की मात्र ती काढावी लागते.

एक सत्तरीच्या आजी होत्या. चहासाठी मिनिटभर मास्क सरकवला तरी सॅच्युरेशन 90 वरून 74 वर यायचं. तरी त्यांना चहा हवाच, आणि मी दोन चमचे पाजायचे. (आमच्या डॉक्टरांनी हे वाचू नये.) शेजारच्या दोन बेडवर कवळी काढताना आणि नंतर काय झालं, ते त्यांनी पाहिलं होतं. त्यामुळे त्यांनाही ट्यूब घालायची ठरल्यावर मी कवळीची डबी घेऊन गेले तशी त्यांनी ओठ घट्ट मिटले.

"आजी, द्या ना. मी सांभाळते."

मागे डॉक्टर घाई करत होते. मग आजींनी स्वतःच काढून माझ्या हातावर ठेवली. "धुऊन ठेव गं," एवढंच म्हणाल्या.

धुतली. डबीवर मार्करने नाव आणि बेड नंबर लिहिला.

सहाव्या दिवशी त्या गेल्या. खाली मुलाच्या हातात सामान दिलं: मोबाइल, चष्मा, दोन बांगड्या, डबी. त्याने सही केली आणि डबी हलवून विचारलं, "यात काय आहे?"

मी सांगितलं. धुतलेली आहे, हेही सांगितलं.