धर्मादाय रुग्णालयांच्या सवलतींचा फायदा नेमका कोणाला होतो?

ट्रस्टच्या रुग्णालयांना करमाफी, जमीन, देणग्या मिळतात, मग गरीब पेशंटच्या पदरात काय पडतं, असं तुम्ही विचारलंय. महाराष्ट्रापुरतं सांगतो.

ट्रस्टचा फायदा आपोआप होतो. आयकरात सूट असते, बऱ्याच ठिकाणी नाममात्र भाड्याची सरकारी जमीनही असते. पेशंटचा फायदाही कायद्यात आहे, पण तो मागावा लागतो, आणि वेळेत मागावा लागतो. खरी मेख इथेच आहे.

सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम 41एए आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये घालून दिलेली योजना, हा सगळ्याचा पाया. 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. म्हणजे 200 खाटांच्या रुग्णालयात 20 आणि 20. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तेव्हा 25,000 आणि 50,000 रुपये होती. आता ती 1,80,000 आणि 3,60,000 आहे. याशिवाय इतर पेशंटच्या एकूण बिलाच्या 2 टक्के रक्कम रुग्णालयाने 'निर्धन रुग्ण निधी'च्या वेगळ्या खात्यात टाकायची असते.

ॲडमिट करतानाच रुग्णालयातल्या मेडिकल सोशल वर्करला गाठा. रेशनकार्ड आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला यांच्या प्रती द्या, सोबत एक साधा अर्ज, आणि आपल्या प्रतीवर पोच, तारीख, वेळ घ्या. ही पोच फार मोलाची. डिस्चार्जच्या दिवशी अर्ज केला की "आधी का नाही सांगितलं" हे उत्तर ठरलेलं, आणि तोवर पेशंटची नोंद राखीव नसलेल्या खाटेवर झालेली असते. दाखला काढायला दिवस लागतात, म्हणून घरात मोठं ऑपरेशन ठरलं असेल तर तो आधीच काढून ठेवा. इमर्जन्सीत मात्र कागद नंतर: आधी दाखल करून जीव वाचवणारे उपचार द्यायचे, डिपॉझिट मागायचं नाही, असं योजनेतच लिहिलंय.

मग बिल. निर्धन रुग्णाला खाट, नर्सिंग, लिनन, नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे लागत नाहीत, डॉक्टरांनीही फी सोडायची असते. औषधं, इम्प्लांट वगैरे रुग्णालयाच्या खरेदीच्या भावाने धरून त्या निधीतून वळती करायची. दुर्बल घटकाला हाच औषध-साहित्याचा खर्च किमान निम्मा भरावा लागतो. समजा, स्टेंट आणि औषधं छापील किमतीने 60,000 आणि खरेदीच्या भावाने 40,000 होत असतील, तर निम्मे म्हणजे 20,000, 30,000 नव्हे. म्हणून बिलात 'फार्मसी' अशी एकच गोळाबेरीज ओळ दिसली तर वस्तूवार यादी मागा. आणखी एक गळती: चिठ्ठी देऊन औषधं दुकानातून रोखीने आणायला लावली, तर तो खर्च निधीच्या हिशेबात येतच नाही. त्या पावत्या जपून ठेवा आणि अर्जाला जोडा.

"खाट शिल्लक नाही" म्हणाले तर धर्मादाय आयुक्तांच्या (ट्रस्टवर देखरेख ठेवणारे सरकारी अधिकारी) संकेतस्थळावर रिकाम्या राखीव खाटांची माहिती असते, ती दाखवा. "निधी संपला" म्हणाले तर ते लेखी मागा. खाट आणि नर्सिंग निधीवर अवलंबून नाही. दाद लागली नाही तर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात पोच जोडून तक्रार करा, आणि शक्यतो पेशंट आत असतानाच करा. पैसे भरून घरी गेल्यावर परतावा मिळवणं फार जिकिरीचं होतं.

माझ्या मते ही योजना चांगली आहे, पण तिचा लाभ सर्वांत गरजू माणसापेक्षा कागद जमवू शकणाऱ्याला जास्त मिळतो. ज्याचं रेशनकार्ड गावी आणि काम मुंबईत, तो नेमका यातून वगळला जातो. ओळखीत असं कोणी असेल तर एकाने पेशंटजवळ थांबावं आणि दुसऱ्याने कागदांमागे लागावं.

देणगी देणाऱ्यांसाठीही एक: रक्कम 'निर्धन रुग्ण निधीसाठी' असं पत्रात लिहूनच द्या आणि पावतीवरही तसंच लिहून घ्या. नाहीतर ती इमारतीच्या रंगकामालाही जाऊ शकते.