लघुग्रहांचे तक्ते कसे वाचायचे? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

लघुग्रहांची माहिती मोफत देणाऱ्या संकेतस्थळांची ओळख आम्ही मागच्या अंकात करून दिली होती. त्यावर नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांतून बरेच प्रश्न आले. ज्यांची उत्तरे अनेकांना उपयोगी पडतील, असे काही इथे घेतले आहेत.

प्रश्न : ‘पृथ्वीच्या दिशेने महाकाय दगड’ अशी बातमी वरचेवर दिसते. तिच्यात किती तथ्य आहे, हे घरबसल्या कसे तपासायचे? (एक वाचक, सिडको)

नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीचे (जेपीएल) ‘सीएनईओएस’ नावाचे संकेतस्थळ आहे. त्यावरचा ‘क्लोज अॅप्रोचेस’ हा तक्ता उघडा आणि बातमीतले नाव शोधा. नाव नसेल तर तारखेवरून शोधा. अंतर दोन एककांत दिलेले असते. ‘एलडी’ म्हणजे चंद्राचे सरासरी अंतर, ३,८४,४०० किमी. ‘एयू’ म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर, सुमारे १५ कोटी किमी. बातमीतला ‘अगदी जवळून’ जाणारा दगड इथे बहुधा दहा-पंधरा एलडीवर, म्हणजे ४०-५० लाख किमी दूर सापडतो.

अंतराचे दोन रकाने असतात, ‘नॉमिनल’ (सर्वांत संभाव्य) आणि ‘मिनिमम’ (कमीत कमी शक्य). दोन्ही आकडे जवळपास सारखे असतील तर कक्षा पक्की आहे असे समजा. त्यांच्यात मोठी तफावत असेल तर निरीक्षणे अजून थोडी आहेत. वेळ बघताना मात्र चूक हमखास होते. तक्त्यातली वेळ भारतीय नसते, तिच्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. १२ तारखेला २०:०० असे लिहिले असेल तर आपल्याकडे १३ तारीख उजाडून मध्यरात्रीचा दीड वाजलेला असतो. वर्तमानपत्रांत तारीख एका दिवसाने चुकते ती यामुळेच.

त्यानंतर त्याच संकेतस्थळावरची ‘सेन्ट्री’ यादी पाहा. पुढच्या शंभर वर्षांत धडकेची शून्याहून थोडी जरी शक्यता उरली असेल, तरी तो लघुग्रह या यादीत असतो. नाव तिथे नसेल तर बातमी बाजूला ठेवायला हरकत नाही. ‘संभाव्य धोकादायक’ या शब्दांनीही दचकू नका. कक्षा पृथ्वीच्या कक्षेपासून ०.०५ एयू, म्हणजे सुमारे ७५ लाख किमीच्या आत येत असेल आणि निरपेक्ष प्रत (दगडाच्या स्वतःच्या तेजाचे माप; आकडा जितका लहान तितका दगड तेजस्वी) २२ किंवा त्याहून तेजस्वी असेल, तर तो दगड या वर्गात पडतो. हा नुसता वर्ग आहे. इशारा वेगळा असतो.

प्रश्न : २०२४ वायआर४ या लघुग्रहाच्या धडकेची शक्यता आधी वाढत गेली आणि मग एकदम शून्याजवळ आली. शास्त्रज्ञांचे गणित चुकले होते का? (शिक्षिका, सिन्नर)

गणित बरोबरच होते. हा लघुग्रह डिसेंबर २०२४ च्या अखेरीस चिलीतल्या अॅटलास दुर्बिणीतून सापडला. २२ डिसेंबर २०३२ रोजी त्याची पृथ्वीशी धडक होण्याची शक्यता १८ फेब्रुवारी २०२५ ला ३.१ टक्क्यांपर्यंत चढली आणि नंतरच्या काही दिवसांत नगण्य झाली.

वर्गात फळ्यावर दाखवता येईल असे उदाहरण घ्या. निरीक्षणे थोडी असली की २०३२ मध्ये दगड नेमका कुठे असेल हे एका बिंदूने सांगता येत नाही, शक्य जागांची एक लांब रेघ मिळते. समजा, ती रेघ १० लाख किमी लांब आहे आणि पृथ्वी तिच्यावर कुठेतरी आहे. पृथ्वीचा व्यास सुमारे १२,७०० किमी, म्हणजे शक्यता साधारण १.३ टक्के. नवी निरीक्षणे आली आणि रेघ आखडून ४ लाख किमी झाली, पण पृथ्वी अजून तिच्यावरच आहे. आता शक्यता ३.२ टक्के. रेघ आणखी आखडते, पृथ्वी तिच्या टोकाबाहेर जाते आणि शक्यता शून्यावर येते. (खऱ्या गणितात रेघेवरच्या सगळ्या जागा सारख्याच संभाव्य नसतात. ते बारकावे इथे सोडले आहेत.) चढता आकडा बघून माध्यमांनी ‘धोका वाढला’ म्हटले, प्रत्यक्षात वाढत होती ती आपली अचूकता.

नावाबद्दलही तुम्ही विचारले आहे. वर्षानंतरचे पहिले अक्षर महिन्याचा पंधरवडा सांगते. वाय म्हणजे डिसेंबरचा दुसरा पंधरवडा. पुढचे अक्षर आणि अंक त्या पंधरवड्यातला क्रम देतात. त्यात आय हे अक्षर वगळतात, म्हणून एक फेरी २५ ची. आर सतरावे अक्षर, आधीच्या चार फेऱ्यांचे शंभर, म्हणून हा ११७ वा.

प्रश्न : मी नववीत आहे. एकाच लघुग्रहाचा आकार ‘१०६ ते २४० मीटर’ असा का देतात? नीट मोजत का नाहीत? (विद्यार्थी, पंचवटी)

बहुतेक लघुग्रह दुर्बिणीतूनही नुसता ठिपका दिसतात, त्यामुळे मोजता येतो तो फक्त उजेड. डांबरासारखा काळा मोठा दगड आणि फिकट रंगाचा लहान दगड, दोघांचा उजेड सारखा असू शकतो. सूत्र असे : व्यास किलोमीटरमध्ये = १३२९ भागिले परावर्तनक्षमतेचे (पडलेल्या उजेडाचा किती भाग परत फेकला जातो त्याचे) वर्गमूळ, गुणिले १० चा उणे एच/५ वा घात. एच म्हणजे निरपेक्ष प्रत. ती तुला ‘स्मॉल-बॉडी डेटाबेस लुकअप’मध्ये मिळेल.

आता एच २२ धर. परावर्तनक्षमता ०.२५ घेतलीस तर उत्तर १०६ मीटर येईल, ०.०५ घेतलीस तर सुमारे २३७. म्हणजे तू वाचलेला पल्ला याच दोन टोकांमधून आलेला आहे. एच वाढला की दगड लहान होतो, हे उलटे नाते लक्षात ठेव. त्याच पानावर ‘कंडिशन कोड’ही बघत जा. ० म्हणजे कक्षा अगदी पक्की, ९ म्हणजे जवळपास अंदाजच.

प्रश्न : नाशिकमधून एखादा लघुग्रह स्वतः बघायचा असेल तर कोणता निवडावा आणि तो शोधावा कसा? घरी १०×५० ची द्विनेत्री आहे. (एक वाचक, देवळाली कॅम्प)

वेस्टा निवडा. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातला सर्वांत तेजस्वी लघुग्रह तोच. तो सुमारे साडेसोळा महिन्यांनी प्रतियुतीला, म्हणजे आकाशात सूर्याच्या बरोबर समोर येतो. त्या सुमारास त्याची आकाशात दिसणारी प्रत साधारण साडेपाच ते साडेसहा असते, त्यामुळे तुमच्या द्विनेत्रीला तो सहज झेपेल.

तारीख काढायला जेपीएलचे ‘होरायझन्स’ हे ग्रहस्थिती काढून देणारे संकेतस्थळ वापरा. ‘ऑब्झर्व्हर टेबल’ निवडून ‘टार्गेट बॉडी’त इंग्रजी अंकात ४ आणि लगेच पुढे अर्धविरामाचे चिन्ह टाका. हे चिन्ह विसरलात तर वेस्टाऐवजी मंगळ मिळेल, कारण होरायझन्समध्ये नुसता ४ हा मंगळाचा क्रमांक आहे. जागा भरताना रेखांश ७३.८ पूर्व, अक्षांश २०.० उत्तर, उंची सुमारे ०.६ किमी. उंचीचे एकक आधी बघा. किलोमीटरच्या चौकटीत ६०० टाकलेत तर संगणक तुम्हाला अवकाशस्थानकाच्याही वर नेऊन बसवेल. वेळेत नुसती तारीख लिहिली तर ००:०० धरली जाते, म्हणजे आपली पहाटेची साडेपाच. रात्री नऊची स्थिती हवी असेल तर १५:३० लिहा आणि पायरी एक दिवसाची ठेवा. रकाने पुढचे पुरेत : १ (विषुवांश-क्रांती, म्हणजे ताऱ्यांच्या नकाशावरची जागा), ४ (दिगंश-उन्नतांश, म्हणजे दिशा आणि क्षितिजापासूनची उंची), ९ (प्रत), २३ (सूर्यापासूनचे कोनीय अंतर) आणि २९ (तारकासमूह). तेविसाव्या रकान्यात १५० अंशांच्या वरचे दिवस दिसले की ते तुमचे आठवडे.

नकाशासाठी स्टेलारियम हे मोफत सॉफ्टवेअर चांगले. त्यात आधीपासून असलेली लघुग्रहांची कक्षामूल्ये जुनी होत जातात आणि ठिपका भलत्याच ताऱ्याशेजारी दिसू लागतो. म्हणून एफ२ दाबून प्लगिन्समध्ये ‘सोलर सिस्टिम एडिटर’ सुरू करा, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा आणि लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरकडची ताजी मूल्ये आयात करा. मग स्टेलारियम आणि होरायझन्स यांचे विषुवांश-क्रांती ताडून पाहा. ते जुळले तरच बाहेर पडा.

बाहेर म्हणजे खरोखर बाहेर. कॉलेज रोडच्या गच्चीवरून सहाव्या प्रतीचा ठिपका ओळखणे कठीण. त्र्यंबकच्या पुढे हरसूलकडे किंवा पेठ रस्त्याने शहराचा उजेड मागे टाकून जा. द्विनेत्रीत दिसणारे सगळे तारे कागदावर टिपा आणि दोन-तीन रात्रींनी त्याच जागेचे पुन्हा रेखाटन करा. प्रतियुतीच्या सुमारास वेस्टा रोज साधारण पाव अंश सरकतो, म्हणजे दोन दिवसांत पूर्ण चंद्राच्या रुंदीएवढा. जो सरकला तो वेस्टा. एका रात्रीत ‘दिसला’ म्हणणाऱ्यांनी बहुधा तारा पाहिलेला असतो. जून ते सप्टेंबर ढगांमुळे हा नाद सोडून द्यावा आणि तक्त्यांचा सराव करावा.

प्रश्न : शाळेतल्या मुलांना ‘लघुग्रह शोध मोहिमे’त भाग घ्यायचा आहे. काय लागते? मुलांनी खरेच शोध लावल्याच्या बातम्या येतात, त्या खऱ्या असतात का? (विज्ञान शिक्षक, निफाड)

इंटरनॅशनल अॅस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशन ही मोहीम मोफत चालवते. गट करून नोंदणी करायची, मग हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीच्या प्रतिमा मिळतात. आकाशाच्या एकाच तुकड्याच्या, काही मिनिटांच्या अंतराने घेतलेल्या चार प्रतिमांचा एक संच असतो. त्या अॅस्ट्रोमेट्रिका या सॉफ्टवेअरमध्ये तपासायच्या. ते विंडोजवर चालते, त्यामुळे मोबाइलवर काम भागणार नाही. शाळेत एक बऱ्यापैकी संगणक आणि टिकाऊ इंटरनेट लागेल.

अडचणी ठरलेल्या आहेत. पहिली, दुर्बिणीची मांडणी-फाइल चुकीची निवडणे. मग प्रतिमेतले तारे तारकासूचीशी जुळत नाहीत आणि पुढचे सगळेच अडते. सूची इंटरनेटवरून येते, म्हणून मधेच नेट गेले तरी हाच दोष दिसतो. दुसरी, ज्ञात लघुग्रहांची ‘एमपीसीओआरबी’ फाइल ताजी न करणे. तसे झाले की मुले आधीच माहीत असलेला दगड नवा म्हणून कळवतात.

तिसरी अडचण सर्वांत मोठी : खोटे ठिपके. चारही प्रतिमा एकामागून एक लुकलुकवताना प्रत्येक संशयिताला चार प्रश्न विचारायला शिकवा. तो सरळ रेषेत, सारख्या अंतराने सरकतो का? त्याचा उजेड चारही वेळा साधारण सारखा आहे का? त्याची गोलाई आणि रुंदी शेजारच्या ताऱ्यांसारखी आहे का? सिग्नल-गोंगाट गुणोत्तर (ठिपका पार्श्वभूमीच्या खरखरीपेक्षा किती ठळक आहे ते) ५ च्या वर आहे का? एकदोन पिक्सेलचा टोकदार ठिपका बहुधा संवेदकाचा दोष असतो. ठळक ताऱ्याभोवतीच्या किरणांवर आणि प्रतिमेतल्या काळ्या (माहिती नसलेल्या) पट्ट्यांच्या कडेला दिसणाऱ्या ठिपक्यांवर विश्वास ठेवू नका. मात्र खरा दगडही एखाद्या प्रतिमेत नेमका काळ्या पट्टीत लपू शकतो. मग तीनच ठिकाणी दिसला म्हणून लगेच खोडू नका. घाईने वीस नोंदी पाठवण्यापेक्षा तपासलेल्या दोन पाठवाव्यात.

बातम्यांबद्दल : बहुतेक ‘शोध’ ही प्राथमिक नोंद असते. दुसऱ्या रात्रीच्या निरीक्षणांनी दुजोरा मिळाला तर तात्पुरते नामाभिधान मिळते. कायमचा क्रमांक मिळायला कक्षा पक्की व्हावी लागते आणि त्याला कित्येक वर्षे जातात. नाव सुचवायचा हक्क त्यानंतरचा. कावळूर वेधशाळेतून फेब्रुवारी १९८८ मध्ये सापडलेल्या लघुग्रहाचे ‘४१३० रामानुजन’ हे नाव याच रीतीचे. प्राथमिक नोंदीवर शाळेत पेढे वाटायला हरकत नाही, पण फलकावर ‘लघुग्रह शोधला’ असे लिहू नये. पैसे घेऊन नाव देणाऱ्या संकेतस्थळांना तर खगोलशास्त्रात काडीची किंमत नाही.

नोंदणीची वाट बघायची नसेल तर झूनिव्हर्स या लोकसहभागाच्या संकेतस्थळावरचा ‘द डेली मायनर प्लॅनेट’ हा प्रकल्प आजच सुरू करता येईल. तिथेही चार प्रतिमांचाच खेळ आहे, पण ब्राउझरमध्ये आणि मोजमापाशिवाय.

प्रश्न : अपोफिस हा लघुग्रह २०२९ मध्ये आपल्याकडून दिसेल का? (एक वाचक, इगतपुरी)

तो १३ एप्रिल २०२९ रोजी पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किमीवरून जाईल. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किमीवर असतात, त्यांच्याही आतून. सर्वांत जवळचा क्षण भारतीय वेळेने १४ एप्रिलच्या पहाटे सव्वातीनच्या सुमारास येतो आणि तेव्हा त्याची प्रत ३ च्या आसपास असेल. धडक होणार नाही. २०२१ च्या रडार निरीक्षणांनंतर निदान शंभर वर्षांसाठी ही शक्यता निकाली निघाली आहे.

इगतपुरीहून तो कोणत्या वेळी किती उंचीवर असेल, हे होरायझन्समध्ये ९९९४२ (अपोफिसचा क्रमांक) आणि अर्धविराम टाकून स्वतः काढा. १३ एप्रिलच्या १३:०० पासून २३:०० पर्यंत, पाच मिनिटांच्या पायरीने. चौथ्या रकान्यातला उन्नतांश उणे असेल तेव्हा तो क्षितिजाखाली आहे. इथे जागा अचूक भरणे फार महत्त्वाचे. वेस्टासाठी पृथ्वीच्या केंद्रावरून काढलेली जागा चालून जाते, फरक काही विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). अपोफिस इतका जवळ असेल की केंद्रावरून आणि पृष्ठभागावरून दिसणाऱ्या जागांत साडेनऊ अंशांपर्यंत फरक पडू शकतो. समाजमाध्यमांवर तेव्हा फिरणारे ‘सर्व भारतासाठी’ नकाशे म्हणूनच वापरू नका.