स्कॉटलंडमधील वॉनलॉकहेड या जुन्या खाणगावाचा इतिहास काय आहे आणि तिथे काय पाहावे?

दक्षिण स्कॉटलंडमध्ये फिरताना एक दिवस हाताशी असेल, तर या गावासाठी वाट वाकडी करावी का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते अवश्य करावी, आणि ती मुख्यतः तिथल्या खाणकामगारांच्या ग्रंथालयासाठी.

लोदर डोंगररांगेत सुमारे ४६७ मीटर उंचीवर वसलेले वॉनलॉकहेड हे स्कॉटलंडमधील सर्वांत उंचावरचे गाव मानले जाते. अशा थंड, उघड्या माळावर वस्ती झाली ती शेतीसाठी नव्हे. डोंगराच्या पोटात शिशाचे खनिज होते, त्यातून थोडी चांदीही निघत असे आणि ओढ्यांच्या गाळात सोन्याचे कण सापडत. राजा पाचवा जेम्स याच्यासाठी १५४० मध्ये नव्याने घडवलेल्या आणि आज एडिनबरोच्या किल्ल्यात असलेल्या मुकुटात याच डोंगराळ पट्ट्यातील सोने आहे.

सोन्याचे आकर्षण कोणालाही वाटेल, पण मला त्याहून मोलाचे वाटते ते १७५६ मध्ये इथल्या कामगारांनी वर्गणी काढून उभे केलेले ग्रंथालय. शेजारच्या लेडहिल्स गावात असे ग्रंथालय १७४१ मध्येच सुरू झाले होते. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा स्कॉटलंडला लागू व्हायला तेव्हा जवळपास शंभर वर्षे अवकाश होता. त्या काळात दिवसभर जमिनीखाली राबणारी माणसे पदरमोड करून पुस्तके घेत होती, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. १८०३ मध्ये इंग्लिश लेखिका डोरोथी वर्ड्‌सवर्थ आपला भाऊ, कवी विल्यम याच्यासह या बाजूने गेली, तेव्हा वाटेत भेटलेल्या वॉनलॉकहेडच्या मुलांपैकी एकाने आपण शाळेत व्हर्जिल हा प्राचीन रोमन कवी वाचत असल्याचे तिला सांगितले होते. ग्रंथालयाची जुनी इमारत आणि ग्रंथसंग्रह आजही गावात आहे.

दुसरे आवर्जून पाहावे ते स्ट्रेटस्टेप्स येथील पाण्यावर चालणारे पंपयंत्र. आडव्या तुळईच्या एका टोकाला मोठी बादली आणि दुसऱ्या टोकाला खाणीत उतरणारा पंपाचा दांडा, अशी त्याची रचना होती. ओढ्याचे पाणी बादलीत भरले की ते टोक खाली जाई, दांडा वर उचलला जाऊन खाणीतले पाणी उपसले जाई. मग बादली रिकामी होई आणि दांड्याच्या वजनाने तुळई पूर्ववत होई. कोळसा लांबून आणावा लागणाऱ्या ठिकाणी पाण्यानेच पाणी उपसण्याची ही युक्ती किती विचारपूर्वक योजली होती, हे यंत्रापुढे उभे राहिल्यावर नीट समजते.

लॉकनेल खाणीच्या बोगद्यात मार्गदर्शकाबरोबर जाता येते. आत बाराही महिने गारवा असल्याने उबदार कपडे आणि पक्के बूट हवेत. खाणींसाठी विसाव्या शतकाच्या आरंभी आलेली रेल्वे १९३८ च्या अखेरीस बंद झाली, परंतु तिच्या काही भागावर स्वयंसेवक अरुंद मापाची छोटी गाडी चालवतात. पायी फिरण्याची आवड असेल, तर सदर्न अपलँड वे हा दीर्घ पल्ल्याचा मार्ग गावातूनच जातो.

गावातील खाणकामाचे संग्रहालय, खाण आणि गाडी यांचे वेळापत्रक हंगामानुसार ठरत असल्याने निघण्यापूर्वी चौकशी करावी. ओढ्यात सोने शोधायचे असल्यास जमीनमालकाची परवानगी आधी घ्यावी लागते.