बुगाटींची खुर्ची आणि बिदरी हुक्का

प्रश्न : आमच्या घरी आजोबांनी बिदरहून आणलेला बिदरी हुक्का आहे. अलीकडे एका सचित्र ग्रंथात कार्लो बुगाटी या इटालियन कलावंताने घडवलेली खुर्ची पाहिली. काळ्या लाकडावरची तिची चकचकीत धातुनक्षी मला आपल्याकडचीच वाटली. हे साम्य खरे मानावे का? आणि त्यांची एवढी वाखाणणी कशासाठी होते?
– एक वाचक, देगलूर, जि. नांदेड

उत्तर : डोळ्यांना दिसते ते साम्य खरे आहे, कारागिरी मात्र निराळी. बिदरीत जस्त व तांब्याच्या मिश्रधातूचे भांडे ओततात, त्यावर कोरलेल्या नक्षीत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातील माती व नवसागर यांचे मिश्रण चोळतात. त्याने भांडे काळे पडते, चांदी तशीच राहते. बुगाटींनी (१८५६–१९४०) मिलानमध्ये काळ्या केलेल्या लाकडात पितळ, तांबे आणि हाड जडवले, चर्मपत्र मढवले, वर रेशमी गोंडेही सोडले. लाकूड हवेतील ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आकसते, म्हणून आपल्या मे महिन्याच्या उन्हात अशी खुर्ची ओसरीवर ठेवण्याचे धाडस मी करणार नाही. त्यांच्या नक्षीवर उत्तर आफ्रिकेतील इस्लामी कमानींची आणि जपानी कलेची छाप आहे, तर बिदरी बहमनी राजवटीत इराणी वळणातून वाढली. तेव्हा नाते असलेच तर ते चुलत घराण्यांचे.

माझ्या मते त्यांची थोरवी या जडावकामात नाहीच. १९०२ साली तुरीनच्या प्रदर्शनात त्यांनी गोगलगायीच्या शंखासारखी वळणांची एक खोली मांडली. तिच्यातील ‘कोब्रा’ खुर्चीची पाठ आणि बैठक एकाच ओघात वळत जातात, आणि लाकडावर चर्मपत्र असे ताणून चढवले आहे की सांधा कुठेच सापडत नाही. सुताराची परीक्षा सांध्यावर होते असे आपण मानतो. इथे सांधाच लपवून सगळी खुर्ची एकसंध कातडीची केली आहे. तशी हिंमत त्या काळात फार थोड्यांनी दाखवली. त्यांच्या आधीच्या सिंहासनासारख्या ताठ खुर्च्या बसण्यापेक्षा पाहण्याच्याच अधिक, हेही मोकळेपणाने सांगायला हवे.

त्यांचे थोरले चिरंजीव एत्तोरे मोटारींमुळे बापापेक्षा जास्त प्रसिद्ध झाले, धाकटे रेम्ब्रांट प्राण्यांची शिल्पे घडवत. स्वतः कार्लो १९०४ च्या सुमारास पॅरिसला गेले आणि तिथे लाकूड बाजूला ठेवून चांदीच्या वस्तूंचे आराखडे करू लागले. आपल्या हुक्क्याशी त्यांची तुलना करायचीच असेल, तर खुर्ची सोडून त्या चांदीकामाची छायाचित्रे जरूर मिळवावीत.