परदेशातला वर्णभेद निर्बंधांनी मोडता येतो का?

परक्या देशातला वर्णभेद बाहेरून निर्बंध घालून मोडतो का, की ठराव कागदावरच राहतात, असं तुम्ही विचारलंय. मोडायला मदत होते, पण ठराव कस्टम आणि बँकेपर्यंत पोहोचला तरच. मी नवी मुंबईत न्हावा शेवा बंदरासाठी आयात-निर्यातीची कागदपत्रं करतो, म्हणून त्या अंगाने सांगतो.

दक्षिण आफ्रिकेवर व्यापारबंदी घालणारा पहिला देश भारत, १९४६ मध्ये. तेव्हा आपण स्वतंत्रही नव्हतो, याचा मला फार अभिमान वाटतो. १९६२ चा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचा निर्बंधांचा ठराव मात्र ऐच्छिक होता आणि बडे व्यापारी देश बाजूला राहिले. सुरक्षा परिषदेने बंधनकारक केली ती फक्त शस्त्रबंदी, तीही १९७७ मध्ये. परिषदेच्या असल्या आदेशासाठी आपल्याकडे १९४७ चा कायदा आहे. केंद्र सरकार त्याखाली थेट हुकूम काढू शकतं.

गळती होते ती मालाच्या शेवटच्या मुक्कामाला. १९७९ च्या अखेरीस 'सालेम' हे तेलवाहू जहाज कुवेतहून युरोपच्या नावाने निघालं, वाटेत दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनला चोरून तेल उतरवलं, टाक्यांत समुद्राचं पाणी भरलं आणि जानेवारी १९८० मध्ये सेनेगलजवळ बुडवलं. म्हणून नुसत्या बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीवर, विसंबू नये. माल खरोखर कुठे उतरला त्याचा तिथल्या कस्टमचा दाखला मागावा, आणि तो येईपर्यंत हमीची रक्कम सोडू नये.

पैशाला अशी पळवाट सापडत नाही. जुलै १९८५ मध्ये चेस मॅनहटन बँकेने अल्पमुदतीच्या कर्जांना मुदतवाढ नाकारली, बाकीच्या बँका मागोमाग आल्या आणि सप्टेंबरात प्रिटोरियाला, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला, परतफेड थांबवावी लागली. सुमारे २४ अब्ज डॉलरच्या विदेशी कर्जापैकी १४ अब्जांच्या आसपास अल्पमुदतीचं होतं. माझ्या मते सगळ्यात खोल घाव हाच.

निर्बंध कधी उठतील हेही आधी लिहून ठेवावं लागतं, नाहीतर समोरच्याला सुधारायचं कारणच उरत नाही. राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार मोडून १९८६ मध्ये झालेल्या अमेरिकी कायद्यात अटी स्पष्ट होत्या: मंडेलांची सुटका, पक्षांवरची बंदी मागे, वस्त्या वेगळ्या करणारा कायदा रद्द.

निर्बंधांत गरीबच भरडला जातो, हा आक्षेप खरा आहे. पण बहिष्काराची हाक १९५९ मध्ये तिथल्या कृष्णवर्णीयांचे नेते अल्बर्ट लुथुलींनीच दिली होती. आणि आता आर्थिक निर्बंध उठवा, हे सप्टेंबर १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मंडेलांनी सांगितलं. शस्त्रबंदी मे १९९४ पर्यंत, म्हणजे सर्व वर्णांच्या मतदारांची पहिली निवडणूक होऊन जाईपर्यंत राहिली.