आठ-नऊ अक्षरी इंग्रजी शब्द सुचत नसतील तर: आधी शेपटी सोडवा, आणि शब्दकोश कोणता ते लेखी घ्या

फोंड्याच्या ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी नववीत आहे, विस्कटलेली अक्षरं जुळवून इंग्रजी शब्द काढायच्या आंतरशालेय स्पर्धेत उतरतेय, चार-पाच अक्षरांचे शब्द भराभर काढते, पण आठ-नऊ अक्षरं एकदम समोर आली की गप्प होते. आणि कुणीतरी तिला पाठ करायला शब्दांची जाडजूड यादी आणून दिली आहे. वाचून राहवलं नाही, कारण आमच्या घरी अगदी हेच चाललं होतं. माझा मुलगा डिचोलीतल्या मराठी प्राथमिक शाळेतला, इंग्रजी माध्यम पाचवीपासून.

ती यादी आधी बाजूला ठेवा. यादीतला शब्द विचारला तर पाठ म्हणता येतो, पण त्याचीच अक्षरं विस्कटून दिली की काही उपयोग होत नाही. आपली मुलं शब्द कानाने धरतात. ‘एज्युकेशन’मधला ‘शन’ त्यांच्या डोक्यात एकच तुकडा असतो. टी, आय, ओ, एन ही चार सुटी अक्षरं त्यांना दिसतच नाहीत. हुशारीचा इथे संबंध नाही, तेव्हा तिला त्यावरून बोलू नका.

आम्ही कार्डं केली. पुढच्या बाजूला अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने: ए, सी, डी, ई, आय, एन, ओ, टी, यू. मागे उत्तरं. या नऊ अक्षरांत पाचही स्वर आहेत आणि त्यातून तीन शब्द निघतात: एज्युकेशन, कॉशन्ड, ऑक्शन्ड. कोणता निघणार ते तुम्ही आधी कोणती शेपटी, म्हणजे शब्दाचा शेवटचा तुकडा, सोडवता त्यावर. शेवटी ‘टी-आय-ओ-एन’ ठेवलं तर एज्युकेशन. ‘ई-डी’ ठेवलं तर उरलेल्या सातांतून कॉशन किंवा ऑक्शन. एक शेपटी लावून अडली तर ती मोडायची आणि दुसरी लावायची, एवढंच तिला शिकवा. ‘आय-एन-जी’, ‘ई-एस-टी’, ‘एन-ई-एस-एस’ यांचाही असाच सराव घ्या.

लांब शब्दांत माझा आवडता जोड म्हणजे कॉन्व्हर्सेशन आणि कॉन्झर्व्हेशन. बारा अक्षरं, दोन्हींत तीच. फक्त एस आणि व्ही यांनी जागा बदललेल्या. माउंटेनिअर आणि एन्युमरेशन, परकशन आणि सुपरसॉनिक, डिक्शनरी आणि इंडिकेटरी हेही तसेच जोड. मुलांना असं काही दाखवलं की त्यांचे डोळे चमकतात, आणि मग कार्डं काढा म्हणून सांगावं लागत नाही.

रोजच्या सरावाला ‘रेटिना’ घ्या. त्या सहा अक्षरांत एकेक अक्षर मिळवायचं: सी घातलं की सर्टन, डी घातलं की ट्रेन्ड (‘ट्रेन’चा भूतकाळ), पी घातलं की पेंटर, एल घातलं की रिलायंट, एम घातलं की मिनरेट, जी घातलं की ग्रॅनाइट आणि टिअरिंग दोन्ही. बसमधून शाळेत जाता-येतानासुद्धा होतं हे.

आता ज्यासाठी खरं लिहायला बसलो ते. आमच्या स्पर्धेच्या परिपत्रकात ‘प्रमाण इंग्रजी शब्दकोश ग्राह्य’ एवढंच होतं. कोणता, म्हणून मी आयोजकांच्या कार्यालयात जाऊन विचारलं. उत्तर आलं, ‘कुठलाही चालतो हो, काळजी करू नका.’ लेखी द्या म्हटलं तर साहेब नाहीत. प्रत्यक्ष स्पर्धेत फलकावर ए, ई, जी, आय, एन, आर, एस, टी. मुलाने लिहिलं: अँग्रिएस्ट, गॅन्ट्रीज, इन्ग्रेट्स. तिन्ही अचूक, तिन्ही आठ अक्षरी. परीक्षकांच्या टेबलावर खिशात मावेल एवढा शब्दकोश. त्यात ‘अँग्री’ होता, ‘गॅन्ट्री’ होता, पण अनेकवचनं आणि ‘ई-एस-टी’ची रूपं वेगळी छापलेली नव्हती. ‘शब्दकोशात नाही’ म्हणून तिन्ही शब्दांवर लाल रेघ. नंतर कार्यालयात गेलो तर आधी ‘अर्ज द्या’, अर्ज दिला तर ‘निकालावर सही झाली’. अर्जाची पोचसुद्धा दिली नाही. अरे, मूल वर्षभर मेहनत करतं, त्याला नियम तरी आधी सांगा! कार्यालयाचं नाव मी लिहिणार नाही, पण राग अजून गेलेला नाही.

म्हणून, ताई, आजच शाळेच्या लेटरहेडवर विचारून घ्या: शब्दकोश कोणता आणि कोणती आवृत्ती, अनेकवचन, भूतकाळ, ‘ई-एस-टी’ची रूपं धरणार का, आक्षेप घ्यायचा तर कुणाकडे आणि किती वेळात. उत्तर तोंडी आलं तर आलंच नाही असं समजा. स्क्रॅबलच्या, म्हणजे अक्षरांच्या सोंगट्या लावून शब्द करायच्या खेळाच्या, पटावर खेळायचं असेल तर आणखी एक बघा. अमेरिका आणि कॅनडाची शब्दयादी वेगळी, बाहेर बहुतेक ठिकाणी ‘कॉलिन्स’ या शब्दकोशवाल्यांची चालते. इंटरनेटवरून उतरवलेली यादी यांतली कोणती हे तपासल्याशिवाय मुलीच्या हातात देऊ नका. पटावर हातातल्या सातही सोंगट्या एकदम लावल्या की पन्नास गुण जादा मिळतात, म्हणून सात-आठ अक्षरांवर एवढा भर. आणि शंभर सोंगट्यांत एस फक्त चार असतात, ते तीन अक्षरी शब्दाचं अनेकवचन करण्यात घालवायचे नसतात.

मी इंग्रजीचा शिक्षक नाही, घरात जे उपयोगी पडलं तेच सांगतोय. तुमच्या मुलीला दुसरी पद्धत जमली तर ती चालू द्या. पणजीला येणं होत असेल तर पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात तिला एकदा घेऊन जा. मोठे शब्दकोश शांतपणे चाळायला मिळाले की रूपं कुठे आणि कशी छापतात ते तिला स्वतःला कळेल.

परिपत्रक हाती आलं असेल तर नियमांचा परिच्छेद इथे टाका, कुठे काय विचारायला हवं ते बघून सांगतो. कार्डांसाठी अक्षरांचे गट हवे असतील तर तेही देईन.