विचारा की! : फोटो क्लबहाउसमध्ये न्यावा का?

प्रश्न : आमच्या सोसायटीतली मुलं यंदा ‘डे ऑफ द डेड’ करणार आहेत. तोंडावर कवट्या रंगवायच्या आणि घरोघरच्या गेलेल्यांचे फोटो क्लबहाउसमध्ये मांडायचे. माझे सासरे मार्चमध्ये गेले. लेकीला त्यांचा फोटो न्यायचाय. सासूबाई म्हणतात, ‘वर्षश्राद्ध व्हायचंय आणि तुम्हाला सोंगं सुचतात!’ मी कोणाची बाजू घेऊ?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : सासूबाईंची. निदान तोंडं रंगवण्यापुरती तरी.

नौपाड्यात माझे स्पॅनिशचे वर्ग चालायचे, तेव्हा ऑक्टोबर उजाडला की कोणीतरी विचारायचंच, ‘मॅडम, हे मेक्सिकोचं हॅलोविन ना?’ नव्हे हो. तिथे १ नोव्हेंबरला गेलेली लेकरं घरी येतात आणि २ तारखेला मोठी माणसं. घाबरवायला नाही, जेवायला. टेबलावर फोटो, मेणबत्त्या, कोपालचा धूप, मीठ आणि पाण्याचा पेला. लांबून आलेल्याला आधी पाणी द्यायचं, हे तुमच्या सासूबाईंना सांगावं लागणार नाही. तारखा चर्चच्या, स्पॅनिश लोकांबरोबर आलेल्या. धूप, मका आणि फुलं मात्र त्यांच्या कितीतरी आधीची, तिथल्या मूळच्या लोकांची. २००८ साली युनेस्कोने आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं ते या घरगुती पाहुणचाराला.

तोंडं रंगवून निघणाऱ्या मिरवणुकीचं म्हणाल, तर मेक्सिको शहरातली ती भव्य मिरवणूक २०१६पासूनची. आदल्या वर्षीच्या जेम्स बॉन्डच्या सिनेमात तशी दाखवली, म्हणून मग खरीच काढली! या सणाच्या चित्रांत हमखास दिसणारी, टोपी घातलेली कवटीची बाईसुद्धा मुळात व्यंगचित्र आहे. १९१३ साली वारलेल्या पोसादा नावाच्या चित्रकाराने साहेबी थाटाची नक्कल करणाऱ्यांची टिंगल म्हणून ती काढली. तिला नखशिखान्त उभं केलं ते दिएगो रिव्हेरा या मेक्सिकन चित्रकाराने, १९४७च्या भित्तिचित्रात.

आता सासऱ्यांच्या फोटोचं. प्वेब्ला राज्यात वाकेचूला नावाचं गाव आहे. वर्षभरात ज्या घरचं माणूस गेलं असेल, त्या घरी छतापर्यंत पांढऱ्या साटीनची मजल्यामजल्यांची वेदी उभारतात. दार उघडं असतं, लोक येतात, वेदीपुढे थांबतात, आणि घरचे त्यांना खाऊपिऊ घालतात. म्हणजे फोटो बाहेर जात नाही, गाव घरी येतं. मला हे फार पटतं. लेकीला म्हणावं, तू मैत्रिणींना घरी बोलाव. आजोबांना काय आवडायचं ते आजीला विचार आणि तेच मांड. त्यांना काय आवडायचं हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण सुके बोंबील असतील तर सुके बोंबील. हे श्राद्ध नाही, सोवळ्यातलं पान लागत नाही. तिकडे मेस्कल नावाची दारू आणि सिगारेटसुद्धा ठेवतात.

सासूबाई यालाही नाही म्हणाल्या, तर विषय तिथेच सोडा. नवरा त्यांचा गेलाय.

क्लबहाउसमधल्या पोरांना काहीतरी करायचंच असेल, तर पतंग करू देत. ग्वातेमालात सुम्पांगो आणि सान्तियागो साकातेपेकेस या गावांत १ नोव्हेंबरला बांबू आणि पातळ रंगीत कागदाचे प्रचंड गोल पतंग उभे करतात. सगळ्यात मोठे तर घरापेक्षाही उंच, ते उडत नाहीतच. लहान पतंग मात्र गेलेल्यांसाठी उडवतात. नेरूळला गच्ची आहे, खाडीचा वारा आहे. कमिटीची परवानगी तेवढी काढा.

प्रश्न : झेंडू मूळचा मेक्सिकोचा, असं मुलगा सांगतो. मग आपला दसरा?
— एक आजोबा, ठाणे

उत्तर : मुलगा बरोबर सांगतो. जांभळी नाक्यावर दसऱ्याला ढिगाने येतो तो झेंडू मूळचा तिकडचाच. मिरची, पेरू, सीताफळही अमेरिका खंडातूनच आली, म्हणून आपण ती खायची सोडली का? तिकडे पाकळ्यांची वाट रस्त्यापासून टेबलापर्यंत घालतात. गेलेल्याला रंग आणि वासावरून घर सापडतं म्हणे. दसरा निर्धास्त करा.

प्रश्न : काही देशांत खऱ्या कवट्या घरात ठेवतात, हे खरं का?
— एक विद्यार्थिनी, कळवा

उत्तर : खरं. बोलिव्हियात ला पाझ शहरातल्या आयमारा या मूळच्या लोकांच्या वस्तीत अनेक घरांत असतात. बऱ्याचदा त्या नात्यातल्याही नसतात, पण त्यांना नाव असतं आणि त्या घर राखतात असा विश्वास असतो. ८ नोव्हेंबरला त्यांना फुलांचे मुकुट, लोकरी टोप्या, काहींना गॉगलही घालून मोठ्या दफनभूमीत नेतात. पुढे कोकाची पानं ठेवतात, दातांत सिगारेट पेटवून देतात, बँड वाजतो. मेक्सिकोत काम्पेचे राज्यातल्या पोमुच गावी घरचेच लोक दरवर्षी आपल्या माणसाची हाडं पेटीतून काढून हाताने पुसतात आणि खाली नवं भरतकाम केलेलं कापड घालतात. बोलिव्हियातल्या प्रकारावर चर्च नाराज आहे. तरी लोक कवट्या घेऊन आशीर्वाद मागायला चॅपेलच्या दारात जातातच.